उसन्या जिभेचे रसग्रहण

एका मराठी वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतील कात्रण गेले वर्षभर आमच्या टेबलावर पडून आहे. पुरवणीचे आणि स्तंभलेखकाचे नाव आम्ही घेत नाही, कारण प्रश्न एका स्तंभाचा नाही. असे स्तंभ सर्वत्र आहेत आणि ते एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. या कात्रणाचा विषय आहे पोर्तुगालच्या दाँव प्रांतातील लाल वाइन. लेखकाला तिच्यात ब्लॅककरंट, व्हायोलेट, सीडर, चामडे आणि ग्रॅफाइट यांचे 'सूर' आढळले आहेत. टॅनिन्स 'रेशमी' आहेत, शेवट 'दीर्घ' आहे. खाली चौकटीत सोबतच्या खाद्यपदार्थांची सूचना: रेड मीट, मुरलेले चीज, मासे कटाक्षाने टाळावेत.

हा मजकूर मराठीत आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही. त्यातील क्रियापदे मराठी आहेत, इतकेच.

आम्ही दोघे मराठी शिकवतो. एक मडगावला, एक कोल्हापूरला. वाइनचे आम्ही जाणकार नाही आणि तसा आव आणण्याचीही इच्छा नाही. परंतु 'रसग्रहण' नावाचा प्रश्न आम्ही दोघांनी मिळून हजारो उत्तरपत्रिकांत तपासलेला आहे, आणि हे कात्रण वाचताच आम्हाला ती उत्तरे आठवली. 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गप्रतिमांचा समर्पक वापर केला असून अनुप्रासामुळे नादमाधुर्य आले आहे, भाषा ओघवती आहे, शेवट मनाला चटका लावणारा आहे.' कविता कोणतीही असो, उत्तर हेच. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला आम्ही विचारले की, ही कविता तुला आवडली का? ती म्हणाली, "नाही आवडली, मॅडम. पण पेपरात तसं लिहायचं नसतं ना?" तिला त्या प्रश्नात दहापैकी आठ गुण आम्हीच दिले होते. तेव्हा या लेखातील रागाचा काही भाग स्वतःवरचाही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मद्यावर मराठीत लिहायचे म्हटले की दोनच सूर लागतात. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. एका बाजूला नीती, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे उत्पन्न. वाइन तोंडात कशी लागते याबद्दल त्या सगळ्या गदारोळात एक वाक्य वाचल्याचे आम्हाला स्मरत नाही. चवीचा प्रांत जीवनशैलीच्या पुरवण्यांकडे सोपवून आपण मोकळे झालो, आणि त्या पुरवण्यांनी तो परकीय बाटल्यांच्या माहितीपत्रकांकडे सोपवला.

ती भाषा आली कोठून, हे पाहणे बोधप्रद आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञ अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या गंधांचे एक चक्र प्रसिद्ध केले. आतल्या वर्तुळात फळ, फूल, मसाला, लाकूड, माती असे ढोबळ वर्ग आणि बाहेरच्या वर्तुळात त्यांचे नेमके नमुने. हेतू अगदी स्वच्छ होता. प्रयोगशाळेत दहा माणसे एकाच गोष्टीला दहा नावे देऊ लागली तर काम पुढे सरकत नाही. म्हणून समोर नमुने ठेवून, ते हुंगून, नावे निश्चित करायची. ज्याने ब्लॅककरंट हुंगले आहे त्यानेच तो शब्द वापरावा, ही त्या चक्राची अटच होती. नंतर चक्र राहिले आणि अट गळून पडली.

त्यानंतर २००१ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रेदेरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो साहित्याच्या प्रत्येक अध्यापकाने वाचावा असा आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना प्रथम एक पांढरी आणि एक लाल वाइन देऊन त्यांची वर्णने लिहून घेतली. पुढे तीच पांढरी वाइन पुन्हा दिली, आणि तिच्या शेजारी तीच, पण गंधहीन रंग घालून लाल केलेली. विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या पांढऱ्या वाइनला लाल वाइनची विशेषणे लावली. हा प्रयोग सांगून वाइनच्या जाणकारांची टिंगल करण्याची प्रथा आहे. आम्हाला ती करायची नाही. रंग पाहून गंध ठरतो, हा मेंदूचा धर्म आहे. परंतु शब्दसंचही रंगाबरोबर तयार येतो, लाल म्हटले की लालचा गठ्ठा उघडतो, हे त्यातून दिसले. कवीचे नाव पाहून 'सामाजिक जाणीव' हा गठ्ठा उघडणारे आमचे परीक्षार्थी, आणि समीक्षकही, याहून वेगळे काय करतात?

आता त्या 'रेशमी टॅनिन्स'कडे येऊ. टॅनिन हे द्राक्षाच्या सालीत, बीमध्ये आणि देठात असते. लाकडी पिंपातूनही थोडे येते. लाळेतील प्रथिनांशी ते जोडले जाते, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा कमी होतो आणि हिरड्या, गाल, जिभेचा मधला भाग ओढल्यासारखा, कोरडा होतो. या संवेदनेला मराठीत तीन अक्षरांपलीकडे जाणारे स्पष्टीकरण लागत नाही. शब्द आहे 'तुरट'. युरोपीय चवशास्त्र ज्या मूळ चवी मोजते त्यांत ही नाही, ती स्पर्शात जमा होते. आपल्या षड्रसांत मात्र 'कषाय' हा पूर्ण मानाचा सहावा रस आहे. म्हणजे लाल वाइनचा जो मुख्य गुण सांगताना युरोपीय लेखकाला रेशीम, मखमल, खरखरीत सुती कापड अशी कापडदुकाने हिंडावी लागतात, त्याच्यासाठी आपल्याकडे हिरडा, बेहडा, सुपारी, कच्चे केळे, जांभूळ अशी तुरटपणाची पूर्ण चढती भाजणी तयार आहे. हिरडा तर कातडी कमावण्यासाठीही वापरतात. टॅनिन हा शब्दच कातडी कमावण्याच्या धंद्यातून आलेला आहे. स्तंभलेखकाला चामडे कोठे तरी सापडले, पण तुरट हा शब्द सापडला नाही!

(जाता जाता: संस्कृतातील 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीने कटुचा 'कडू' केला आणि अर्थ फिरवला. चवीची नावे जिभेवर स्थिर राहत नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण फिरवायला आधी ती वापरावी लागतात.)

येथे आमचे एक सहकारी हटकून आडवे येतात. ते म्हणतात, म्हणजे तुमचे म्हणणे एवढेच की ब्लॅककरंटच्या जागी करवंद लिहा. नाही. ही देशीवादाची स्वस्त आवृत्ती आम्हाला मान्य नाही. दाँवच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत वाढलेल्या द्राक्षाला करवंदाचा वास येतो असे लिहिणे हे ब्लॅककरंटचे केवळ देशी सोंग होईल. ज्याला तो वास आला त्याने खुशाल लिहावे, न आलेल्याने दोन्ही लिहू नये. आमचा आक्षेप फळाच्या जातीला नसून यादीला आहे. पाच उपमा ओळीने मांडल्या म्हणजे वाइनचे वर्णन झाले, पाच अलंकार ओळीने मांडले म्हणजे कवितेचे वर्णन झाले, या समजुतीला आहे.

पोर्तुगीज वाइनच्या बाबतीत ही यादी विशेषच निरुपयोगी ठरते. फ्रान्समधील बर्गंडीची लाल वाइन मुख्यतः एकाच जातीच्या द्राक्षाची असते; तेथे एक द्राक्ष, एक लक्षण असा हिशेब काही अंतरापर्यंत चालतो. पोर्तुगालात द्राक्षाच्या अडीचशेहून अधिक देशी जाती आहेत आणि परंपरा मिश्रणाची आहे. आमच्या कात्रणातील वाइन तुरिगा नासियोनाल, आल्फ्रुशैरु आणि झाएन या तीन द्राक्षांची होती. व्हायोलेटचा वास तुरिगाचा म्हणून प्रसिद्ध आहे, तो स्तंभलेखकाने लिहिला. मिश्रणाबद्दल अवाक्षर नाही. दौरु नदीच्या खोऱ्यातील जुन्या मळ्यांत तर वेगवेगळ्या जातींच्या वेली एकाच उतारावर सरमिसळ लावलेल्या असतात, एकत्र खुडल्या जातात, एकत्र आंबवल्या जातात. कोणती वेल कोणती हे सांगायला मालकालाही कधी कधी तज्ज्ञ बोलवावा लागतो. अशा वाइनमधून एकेक सूर वेगळा काढून दाखवणे म्हणजे काय?

आणि येथे आम्हाला आमचे पाठ्यपुस्तक आठवते. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उकल करताना जेवणाराच दृष्टान्त घेतला आहे. पुढे मम्मटाने रसाच्या आस्वादासाठी पानकाची उपमा दिली: गूळ, मिरी वगैरे घालून केलेल्या पेयाची चव ही त्यातल्या कोणत्याही एका द्रव्याची नसते, आणि चाखताना ती द्रव्ये वेगळी जाणवत नाहीत. विभावादींची यादी म्हणजे रस नव्हे, हे ज्या परंपरेने पेल्यातल्या पेयाचे उदाहरण देऊन सांगितले, त्या परंपरेचे पदवीधर पेल्यातल्या पेयाबद्दल लिहिताना यादी देतात. पानकरसन्यायावर टीप लिहा, असा प्रश्न आम्ही दरवर्षी काढतो. विद्यार्थी टीप लिहितात आणि लगेच पुढच्या प्रश्नात यादी देतात.

आता माशांकडे वळू, कारण खरा अन्याय तेथे आहे.

'लाल वाइन मांसाबरोबर, पांढरी माशाबरोबर' हा नियम पोर्तुगालला लावणे म्हणजे त्या देशाच्या स्वयंपाकघरात न डोकावता त्याच्या ताटावर निर्णय देणे होय. खारवलेला, वाळवलेला कॉड मासा, म्हणजे बाकल्याव, हे पोर्तुगीज ताटाचे हृदय आहे. नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी तो कोबी आणि बटाट्यांबरोबर उकडून खातात, आणि त्याच्यासोबत लाल वाइन पिण्याची रीत जुनी आहे. उत्तरेच्या मिन्यु भागात विन्याँव नावाच्या द्राक्षाची जांभळी-काळी, झणझणीत आंबट लाल वाइन होते. या द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो. ती पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून पितात. भाजलेल्या सार्डिनबरोबर पितात, लँप्रे नावाच्या सर्पाकृती माशाच्या भाताबरोबर पितात. त्या भातात माशाचे रक्त आणि लाल वाइन दोन्ही घातलेली असते. दक्षिणेच्या आलेंतेजु प्रांताच्या नावाने ओळखला जाणारा एक पदार्थ डुकराचे मांस आणि तिसऱ्या एकाच भांड्यात शिजवून करतात. येथे चौकटीतला नियम काय सांगणार? मांसासाठी एक पेला आणि तिसऱ्यांसाठी दुसरा?

नियमामागे काही तथ्य नाही असे नव्हे. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी स्कॅलप या शिंपल्याच्या मांसावर प्रयोग करून दाखवले की, लाल वाइनबरोबर जो उग्र, लोखंडी, माशाळ वास तोंडात उरतो त्याचा संबंध वाइनमधील लोहाच्या प्रमाणाशी आहे. लोह अधिक तर वास अधिक. म्हणजे दोष लाल रंगाचा नाही. तो बाटलीगणिक बदलतो. शिवाय मीठ कडवटपणा दाबते, आणि तेल व प्रथिने तुरटपणाची धार कमी करतात. खारवलेला, लसूण घालून ऑलिव्ह तेलात भाजलेला घट्ट मांसाचा मासा आणि ताजा पापलेट हे दोघेही 'मासे' या एका शब्दात बसतात, एवढ्यावरून त्यांचे पेय एक होत नाही. आपल्याकडे सुक्या बोंबलाची चटणी आणि ताज्या बोंबलाचे कालवण यांत फरक करायला कोणाला शास्त्रज्ञ लागत नाही.

मग हा नियम आपल्यापर्यंत आला कसा? इंग्रजीतून. पोर्तुगीज वाइनकडे जगाने दीर्घकाळ इंग्रजी जिभेनेच पाहिले. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरील इंग्लंडमधील जकात फ्रेंच वाइनच्या जकातीपेक्षा एकतृतीयांशाने कमी केली, आणि दौरुच्या वाइनला लंडनची बाजारपेठ मिळाली. १७५६ मध्ये पोंबालच्या मार्किसने दौरुचा प्रदेश कायद्याने आखून दिला, हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले; इतक्या जुन्या सीमा जगातल्या फार थोड्या वाइनप्रदेशांना आहेत. परंतु जे पेय या व्यापारातून घडले ते पोर्ट, म्हणजे आंबवण मध्येच थांबवून द्राक्षाचा अर्क घातलेले गोड, जड पेय. साधी, कोरडी लाल वाइन शेतकऱ्याच्या जेवणावर राहिली आणि तिच्याविषयी इंग्रजीत लिहिण्याची गरज फार उशिरापर्यंत कोणाला वाटली नाही. दौरुची ख्यातनाम कोरडी वाइन बार्का व्हेल्या १९५२ सालच्या पिकापासून सुरू झाली. दाँवची सीमा १९०८ सालची. पण तेथे पुढे कित्येक दशके द्राक्ष विकत घेण्याचा हक्क केवळ सहकारी संघांना होता. सहकार म्हटल्यावर महाराष्ट्रातील वाचकाचे कान टवकारतील, आणि टवकारावेतच: संघ एकच गिऱ्हाईक असल्याने चांगल्या द्राक्षाला वेगळा भाव मिळेना, आणि दाँवची वाइन रुक्ष, कठोर म्हणून बदनाम झाली. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर ती मक्तेदारी मोडली. आज ज्या 'रेशमी' वाइनचे गोडवे गायले जातात तिच्यामागे हा कायदा, हे संघ, हे स्थित्यंतर आहे. स्तंभात यातले काही नाही. ग्रॅफाइट आहे.

आता साक्ष द्यायची तर स्वतः खाल्ल्या-प्यायल्यावाचून देता येणार नाही. आमचा एक माजी विद्यार्थी लिस्बनला नोकरी करतो. गेल्या डिसेंबरात तो मडगावला आला तेव्हा त्याने दाँवच्या दोन बाटल्या आणि बाकल्यावचा एक मोठा, लाकडाच्या फळीसारखा कडक तुकडा आणला. दोन दिवस पाणी बदलत तो भिजवला. घरात कोणता वास सुटला हे शेजाऱ्यांना विचारावे. नंतर बटाटे उकडून मुठीने चेचले, लसूण आणि कांदा घातला, विद्यार्थ्याने तेल इतके ओतले की आम्ही त्याचा हात धरला. भट्टीत सगळे भाजले. वाइन अर्धा तास आधी उघडून, थोडी गार करून ठेवली होती, कारण डिसेंबरातही मडगावची खोली म्हणजे काही दाँवचे तळघर नव्हे.

आधी नुसती वाइन. आंबटपणा प्रथम येतो, स्वच्छ, जिभेच्या कडांना. मग तुरटपणा हिरड्यांवर बसतो आणि घोट गिळल्यावरही उठत नाही. फुलासारखा एक वास वर तरंगतो. तो व्हायोलेटचा असल्यास आम्हाला कळण्याचा मार्ग नाही, कारण व्हायोलेट आम्ही हुंगलेले नाही. नुसती प्यावी अशी ही वाइन नव्हे, असे आमचे मत झाले. मग बाकल्यावचा घास. तेलाने आणि मिठाने तो तुरटपणा अक्षरशः उचलून नेला, आणि वाइनने तेलाचा जडपणा कापला. दुसरा घास हवासा वाटला. लोखंडी वास कोणालाच आला नाही. 'कटाक्षाने टाळावेत' या दोन शब्दांचा समाचार त्या ताटाने घेतला. उलट दुसऱ्या दिवशी उरलेल्या वाइनबरोबर सुंगटांचे हुमण खाऊन पाहिले तर तोंडात गंजलेला खिळा चोखल्याची चव राहिली. म्हणजे नियम एका ताटावर खोटा, दुसऱ्यावर खरा. हे लिहायला ताट लागते, चौकट पुरत नाही.

आणि विंदालू? गोव्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. मूळ पोर्तुगीज पदार्थाच्या नावातच वाइन आणि लसूण आहेत. मादेइरा बेटावर आजही नाताळात डुकराचे मांस वाइन वा तिच्या शिरक्यात आणि लसणीत मुरवून करतात. गोव्यात वाइनची जागा माडाच्या शिरक्याने घेतली, आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेल्या मिरचीने पदार्थाचा ताबा घेतला. नावातल्या 'आलू'चा बटाट्याशी संबंध नाही, तरी देशभरातील हॉटेलांत त्यात बटाटा पडतो, हीही एक भाषांतराचीच गंमत. एवढे गोत्र जुळते म्हणून एखादा स्तंभलेखक उद्या लिहील की, विंदालूबरोबर पोर्तुगीज लाल वाइन हे 'स्वाभाविक' जुळते. तो तर्क इतिहासाचा आहे, जिभेचा नाही. मिरचीतील तिखट द्रव्य ज्या संवेदकांना पेटवते त्यांनाच अल्कोहोलही चेतवते. तिखटाबरोबर वाइनचा दाह वाढतो, तुरटपणा अधिक बोचतो, आणि शिरक्याच्या आंबटपणापुढे वाइनचे फळ फिके पडते. आम्ही नाताळच्या तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून आलेल्या विंदालूबरोबर दुसरी बाटली मोठ्या उत्साहाने उघडली. चार घोटांनंतर पेले बाजूला सरकले. जेवणभर सगळे पाणी पीत राहिले, आणि वाइन पुढे रात्री उशिरा, लिस्बनच्या गप्पांत, चुलीत भाजलेल्या खारट काजूंबरोबर संपली.